वीस मिनिटांची बाजू

संपदा : ...आणि इथे परत अडकलं. सॉरी, सर.

फ्रेडरिक : मला कशाला सॉरी? त्या तारेला म्हण, तिला लागलं.

संपदा : पाचव्या फ्रेटवर आडवं बोट दाबून धरायचं आणि त्याच वेळी करंगळीनं नववा गाठायचा. माझी करंगळी तेवढी नाहीच आहे हो.

फ्रेडरिक : माझी होती. आता बघ, कशी शेजारणीला घेऊन मिटून बसलीय, रुसलेल्या जावांसारखी. लकव्याचा झटका येऊन दोन वर्षं झाली, अख्खा डावा हात सुधारला, पण या दोघींचा रुसवा काही जात नाही. चल, परत. अंगठा सुटता कामा नये. अंगठा म्हणजे कोण?

संपदा : बैल.

फ्रेडरिक : बैल. त्यानं आपल्या चालीनं जाड तारांवर चालत राहायचं. आणि बाकीची बोटं?

संपदा : पोरं. चालत्या गाडीवर चढणारी, उतरणारी.

फ्रेडरिक : पोरं पडली तरी बैल थांबत नाही. टिकि-टिक टँव, टिकि-टिक टँव... हं, पळ!

संपदा : नाही येत, सर. दीड वर्ष झालं. निम्म्या वेगात येतं, पाऊण वेगात येतं, पण तुमच्या वेगात गेलं की बोटांचा नुसता चिवडा होतो. रविवारी फ्रान्सिसचं लग्न आहे. सगळं सांडोर गाव मंडपात उभं असणार आणि मी तिथे हा चिवडा वाटणार!

फ्रेडरिक : तिथे तू वाजवणार. या घरातलं एकही लग्न या तुकड्याशिवाय नाचाला उभं राहिलेलं नाही. थोरलीच्या लग्नात वाजवला, चारही पुतण्यांच्या लग्नांत वाजवला. आणि माझ्या पोटच्या पोराच्या लग्नात काय, बँडवाल्यांनी टाळ्या वाजवायच्या? माझ्या हातून आता होत नाही, म्हणून तुझ्या हातात ठेवलाय. तुझ्याकडून निसटला तर संपला तो.

संपदा : असं बोलू नका ना, टेन्शन येतं. आमच्या विम्याच्या ऑफिसात आधीच हसतात. आचोळ्याची बाई, दोन मुलांची आई, सुट्टी टाकून रॉकअबिली का काय ते अमेरिकन वाजवणं शिकायला जाते.

फ्रेडरिक : हसू दे. मी तरी कोण होतो? केळीच्या वाडीतला पोरगा. रॉकअबिली हा शब्द मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळला. तोवर मी याला ‘नायगावचं वाजप’ म्हणायचो.

संपदा : नायगावचं का?

फ्रेडरिक : तिथंच ऐकलं ना, बाय. एकसष्ट साल. मी सायकलवरून केळीचे घड पोचवायला नायगावला जायचो. येताना मिठागराच्या बांधावर टेकायचो जरा. संध्याकाळचे मिठाचे ढीग गुलाबी व्हायचे. वाफ्यातलं पाणी इतकं गप्प, की आकाश खाली आहे का वर, कळायचं नाही. आणि समोरच्या कौलारू घरातल्या रेकॉर्डवरून ही गिटार ऐकू यायची. माणूस एक, पण वाजवताना दोघं वाटायचे. मला तर वाटायचं, हा आवाज घरातून येतच नाही, मिठातून निघतोय. चर्चची घंटा व्हायच्या जरा आधी यायचा, आणि घंटेबरोबर सगळं चिडीचूप. मी मात्र अंधार पडेपर्यंत तिथंच. घरी यायचो तर सायकलवर बसलोय हेसुद्धा आठवायचं नाही.

संपदा : आणि खिडकीत आंटी.

फ्रेडरिक : खिडकीत रेजिना. पण खरं सांगू का? आधी मी त्या गिटारच्या प्रेमात पडलो, हिच्या नंतर. तिला सांगू नकोस.

रेजिना : ऐकू येतंय मला. हा घे चहा, संपदा. याचं ऐकत बसलीस तर गार होईल. चाळीस वर्षं तेच सांगतोय, मिठाचे ढीग दरवर्षी जास्ती गुलाबी होतात.

फ्रेडरिक : होतेच गुलाबी! मग दोन वर्षं मी विहिरीच्या कठड्यावर बसून एकेक सूर बसवला. विहिरीत आवाज फिरून परत यायचा, रेकॉर्डवर यायचा तसाच. गिटारसुद्धा किंचित चढी लावायला लागायची. त्या वाजपाला ती तशीच लागते. आमचा ट्रम्पेटवाला बस्त्याव त्यावरून भांडायचा. म्हणायचा, फ्रेडी, हे माणसाच्या बोटांचं काम नाही. पण हिच्या मावसबहिणीच्या लग्नात वाजवला, आणि मंडपात चमचा वाजला नाही. हिचे बाबा मिठागराचे मुकादम. घरात चर्चच्या गाण्यांशिवाय काही चालवून घ्यायचे नाहीत. तो माणूस उठला, माझ्याजवळ आला, माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाला, या पोराची बोटं खोटं बोलत नाहीत. महिन्यात साखरपुडा.

रेजिना : पुरे आता. मोटर चालू राहिलीय, वाडीत पानी भरून वाहील.

फ्रेडरिक : जातो, जातो. संपदा, तू थांबू नकोस. मला विहिरीपर्यंत ऐकू आलं पाहिजे.

संपदा : हो, सर. काठी घ्या.

रेजिना : गेला? वाजवत राहा हळू, नायतर लगेच परत येईल. आनि मला सांग, सकाळपासून तुझं तोंड असं का उतरलंय? करंगळीचं दुखनं नाय ते.

संपदा : आंटी, माझ्याकडून एक उद्योग झालाय. परवा फोर्टात जुन्या सीड्यांच्या दुकानात गेले होते. म्हटलं, मूळ तुकडा मिळाला तर ऐकून ऐकून तरी बसेल. दुकानदाराला गुणगुणून दाखवला, आणि मिळाला. ही बघा.

रेजिना : लाल गाडी.

संपदा : काय?

रेजिना : वर लाल गाडीचं चित्र. काकाच्या रेकॉर्डवर पन हीच व्हती. काका बोटीवर कामाला, त्यानं आनून दिलेली.

संपदा : म्हणजे हीच ती. हे कानाला लावा. ऐका.

(रेजिना हेडफोन कानाला लावून ऐकते, डोळे पुसते.)

संपदा : आंटी? रडताय तुम्ही?

रेजिना : किती सावकाश हाय गं.

संपदा : तेच तर! मला आधी वाटलं माझा डिस्कमन बिघडला. सर वाजवतात त्याच्या किती मागे. आणि पट्टीसुद्धा वेगळी, खालची. या पट्टीत आडवं बोट लागतच नाही, अर्धे सूर खुल्या, न दाबलेल्या तारांवर आपोआप मिळतात. दीड वर्ष मी करंगळी मोडत होते आणि मुळात तिचं कामच नव्हतं. पण सरांचं इतकं कसं चुकलं? त्यांचा कान असा, की शेजारचा पंखा कुठल्या सुरात फिरतो ते सांगतात.

रेजिना : त्याचं नाय चुकलं. त्यानं जे ऐकलं तेच बसवलं. चूक माझ्या बोटाची हाय.

संपदा : तुमच्या?

रेजिना : बाबा संध्याकाळी मीठ मोजायला आगरात जायचे. घंटा झाली की घरी. मधे पंधरा मिनिटं, जास्ती नाय. आनि रेकॉर्डची बाजू वीस मिनिटांची. शेवटचं वाजप मला सगळ्यात आवडायचं, पन तिथवर पोचायच्या आधीच बाबांच्या वहाना वाजायच्या. मग मी काय केलं, फोनोची लिव्हर मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवरून पंचेचाळीसवर सरकवली. बाजू पंधरा मिनिटांत खलास. गानारं कुनी नव्हतंच त्यात, नुसती वाद्यं. पळतायत, तर पळू दे.

संपदा : आणि बांधावर सर.

रेजिना : मला काय म्हाईत कोन बसलंय बांधावर! लग्नात तो उभा राह्यला, तेच वाजप, त्याच पळत्या वेगात. मला कळलं, हा माझ्या खिडकीखाली बसलेला. नुस्त्या माझ्या चोरीसाठी ह्यानं दोन वर्षं बोटं झिजवली. बाबा म्हनाले, याची बोटं खोटं बोलत नाय. मी मनात म्हटलं, माझं बोललं.

संपदा : मग नंतर सांगितलं का नाही?

रेजिना : कसं सांगू? लग्नानंतर पयल्याच आठवड्यात त्यानं रेकॉर्ड मागितली. म्हनाला, एकदा नीट ऐकतो. मी सांगितलं, फुटली. फुटली नव्हती, बाय. मी माहेरी जाऊन ती खाडीत सोडली. बस्त्याव म्हनायचा, हे माणसाचं काम नाय, आनि याची छाती अशी फुगायची. ती छाती मी कशी फोडू? तू पन नको सांगू. ती सीडी पिशवीत टाक.

संपदा : टाकते. पण आंटी, एक गोष्ट बघाल? माझा डावा हात बघा फक्त. मूळ पट्टीत वाजवते. हे असं... आणि असं. किती बोटं लागली?

रेजिना : दोन.

संपदा : कुठली दोन?

रेजिना : ...अंगठ्याजवळची.

संपदा : सरांची कुठली दोन चालतात?

रेजिना : देवा.

संपदा : दोन वर्षं त्यांनी गिटार हातात धरली नाही. मला शिकवतात तेसुद्धा तोंडानं. या वेगात, या पट्टीत, ते रविवारी स्वतः वाजवू शकतात. मी काहीच बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तर रविवारी माझा चिवडा वाजवेन आणि गप्प घरी जाईन. पण मग ते परत कधीच वाजवणार नाहीत, आणि ते आपल्या दोघींना माहीत असेल.

रेजिना : मला भीती वाटतेय गं. बासष्ट वर्षांची झाले, आनि बाबांच्या वहाना ऐकू आल्यासारखं वाटतंय.

फ्रेडरिक : थांबलीस का? आणि मधे काय वाजवलंस ते? विहिरीपाशी मला वेगळंच ऐकू आलं. एखाद्याला झोपेत आठवावं तसं.

संपदा : सर, ते...

रेजिना : तू गप. मी सांगते. फ्रेडी, बस आधी. काठी खाली ठेव. त्या काठीकडे बघून मला बोलवनार नाय. आपली रेकॉर्ड फुटली नव्हती.

फ्रेडरिक : कुठली रेकॉर्ड?

रेजिना : एकच तर व्हती. मी ती पंचेचाळीसवर लावायचे. बाबा यायच्या आत बाजू संपावी म्हनून. ती तेहतीसची व्हती. तू बांधावर जे ऐकलंस ते पळवलेलं व्हतं. मला लग्नाच्या दिवसापासून म्हाईत हाय.

फ्रेडरिक : पळवलेलं?

संपदा : सर, पाणी आणू?

फ्रेडरिक : नको. म्हणून चढी लागायची गिटार. पंचेचाळीसला सुद्धा नेमकी पट्टी येत नाही, जराशी वर राहते. चाळीस वर्षं बस्त्यावशी भांडलो मी. तो मेला बिचारा, आणि त्याचंच बरोबर होतं.

रेजिना : चिड ना माझ्यावर.

फ्रेडरिक : चिडलोय. मला वाटत होतं, जगात कुठंतरी एक माणूस आहे, माझ्याएवढा वेगवान. सगळा जन्म मी त्याच्या मागे पळत होतो. आणि तो आपला आरामात चाललेला, मागे कुठंतरी. मी पुढे निघून गेलो, आणि मला कुणी हाक मारली नाही. तू मारायची होतीस, रेजिन.

रेजिना : मारायची व्हती. चुकलं माझं.

फ्रेडरिक : रेकॉर्डचं काय केलंस?

रेजिना : खाडीत सोडली. भरती व्हती.

फ्रेडरिक : बुडली?

रेजिना : लगेच नाय. पान्यावर जरा तरंगली. फिरत फिरत गेली. सावकाश.

फ्रेडरिक : तेहतीसवर.

रेजिना : असेल.

फ्रेडरिक : हसतेस काय, संपदा? दे इकडे ती गिटार. आधी तारा उतरव, चढ्या आहेत. आणखी. हं. आता दाखव, कुठली खुली तार म्हणत होतीस?

संपदा : ही खालच्या सुराची जाड, पूर्ण खुली. तिच्यावर बैल. आणि ही दोन बोटं इथं. करंगळीला सुट्टी.

फ्रेडरिक : शेजारणीलाही?

संपदा : तिलाही. रविवारी तुम्ही वाजवायचं, सर. मी मागे बसून नुसता बैल हाकते.

फ्रेडरिक : पोरं नाचतील का या चालीवर?

संपदा : फ्रान्सिसचं मला माहीत नाही. पण आंटी नाचतील.

रेजिना : मेली वात्रट.

(फ्रेडरिक दोन बोटांनी तारा दाबून बघतो. एक सूर चुकतो, दुसरा लागतो, मग तुकडा हळूहळू चालू लागतो.)

संपदा : सर! बैल चालला!

फ्रेडरिक : ऐकतेस का, रेजिन? हे मधे बघ. दोन सुरांमध्ये जागा आहे इथं. मला कधी दिसलीच नव्हती. वाफ्यातल्या पाण्याएवढी... अरे, गेलं. परत पळायला लागली बोटं. जुनी खोड.

रेजिना : कशाला पळवतोस? आता कोन येनार हाय घरी? बाजू पुरी होऊ दे.