तेलाखाली अडकलेली कमेंट

अहो ताई, लाथ नका मारू दाराला — त्या लॅचचा काय दोष त्यात? त्याचं कामच ते, दार लागलं की मिटायचं. फोनवर बोलत बोलत कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलात, मागून वाऱ्याने दार आपटलं, झालं! सगळ्यांचं असंच होतं. परवा एक गृहस्थ तर टॉवेलवर बाहेर राहिले होते, तुम्ही निदान गाऊनवर तरी आहात. गॅसवर काही नाही ना? नक्की? मग बसा निवांत पायरीवर. मी ही पट्टी सरकवतो फटीत — ही तार अशी — हं. मला काम करताना बोलायची सवय आहे हां, आधीच सांगतो. बायको म्हणते, तुमचं तोंड बंद केलं तर हातही बंद पडतील. आता हे जे लॅच आहे ना तुमचं, यावर मी एक अख्खा लेख लिहिलाय. हो, लेख! ब्लॉग आहे माझा. असं काय बघता? कुलूपवाल्याने ब्लॉग लिहू नये असा कायदा आहे का? ‘कुलूपबंद’ नाव आहे. आता विचाराल वाचतं कोण — विचारा ना, माझी लेकही हेच विचारते. वाचतात. होते वाचक. आता नाहीत, कारण तो ब्लॉग... काय सांगायचं, लाज वाटते... हॅक झाला.

हसा, हसा. सगळे हसले. चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडणारा माणूस, आणि त्याच्याच घरात चोर. दिव्याखाली अंधार! आणि चोर काही भिंत फोडून नाही आला हो, मीच किल्ली दिली त्याला. त्याचं काय झालं, माझ्या लेखांखाली कमेंट्स यायच्या — ‘फारच उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा.’ आता अशी कमेंट आली की माणसाने आभार मानायला नकोत? मी मानायचो. प्रत्येकाचे. चार-चार ओळी! ‘आपल्यासारख्या रसिकांमुळे हुरूप येतो’ वगैरे. एकाने लिहिलं होतं, ‘उत्तम लेख, स्वस्त टायर इथे मिळतील.’ त्यालाही मी लिहिलं, की आभारी आहे, माझ्याकडे सायकल आहे, पण लागले तर कळवतो. लेक म्हणते, बाबा, ती माणसं नव्हती, ती यंत्रं होती. मला काय माहीत? यंत्रं माणसांपेक्षा गोड बोलत होती. मग त्यातल्याच एका रसिकाचा निरोप आला, की तुमचा ब्लॉग कुलूप या विषयातला सर्वोत्कृष्ट ठरलाय, सन्मानचिन्ह द्यायचंय, तर खातरी करायला तुमचा पासवर्ड लिहून पाठवा. मी दिला! अहो, जो माणूस घराची दुसरी किल्ली कुठे ठेवलीय ते बायकोला सांगत नाही, त्याने पासवर्ड दिला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पासवर्ड काय होता? ...सांगू नको म्हणता? आता बदललाय, सांगतो. ‘कुलूप’ होता.

हं, हसून घ्या.

दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर ब्लॉगवर केस. मुद्दाम काळे केल्यासारखे, लांबलचक केस. माझ्या सगळ्या लेखांच्या जागी टकलावर केस उगवायचं तेल! आधीचा फोटो, नंतरचा फोटो. ‘तिजोरीची जुनी कुलपं’ या लेखाच्या जागी एक चकचकीत टक्कल, म्हणजे तिजोरीपेक्षा गुळगुळीत. आणि खरं सांगू का, तेलाला माझ्यापेक्षा जास्त वाचक मिळाले. तो अपमान वेगळाच. दोन गिऱ्हाइकांनी तर मला दुकानात येऊन बाटली मागितली. मग लेक सुट्टीला आली, तिने बसून सगळं परत मिळवलं — पासवर्ड बदलला, तेल पुसलं, लेख जागेवर आणले. हुशार आहे ती. पण जाता जाता कमेंट्स बंद करून गेली! म्हणाली, बाबा, चोराचं दार हेच होतं, आता हे बंदच बरं. मी म्हटलं, अगं, वाचकांची गैरसोय होते. ती म्हणाली, कुठले वाचक? आता तिला काय सांगू... मला ते परत सुरू करता येत नाही. कुठलं तरी बटण असणार, पण मी बटणाच्या वाटेला जात नाही आता. पुन्हा केस उगवले म्हणजे?

तुम्ही काय करता ताई? घरूनच काम — कसलं? वेबसाइटी? दुसऱ्यांच्या वेबसाइटी दुरुस्त करता? अहो मग मघापासून पायरीवर काय बसलात! —

टक् झालं ते? काही नाही, काही नाही. आतली जीभ जरा सरकली. लॅचचा आवाज असतोच तसा. वेळ लागेल अजून, ही जुनी लॅचेस फार चिवट. तोवर हा माझा फोन धरा. नाही, घ्या ना. बघा तरी. दोन मिनिटांचं काम असेल तुमच्या हातचं, मी इथे मान मोडून काम करतोय आणि तुम्ही एक बटण दाबणार नाही? घेतलात? शाब्बास.

हो, कमेंट्सच हव्यात. लेख ठीक आहेत, लेखांचं मला काही नाही. आता हे कसं सांगू... त्यात एक वाचक होता. ‘जुनी किल्ली’ नावाने लिहायचा. एक नंबरचा खडूस. प्रत्येक लेखात खोट काढायचा. मी लिहिलं, कुलपात तेल घालावं, तर तो — ‘तेल घालून धूळ चिकटते, पेन्सिलीची पूड घाल, एवढंही कळत नाही का?’ मी लिहिलं, गंजलेली किल्ली हळू फिरवावी. तो — ‘तू कधी काही हळू केलंयस का आयुष्यात?’ आता सांगा, हे कोण लिहील? परका माणूस असं लिहील का? माझा दादा आहे तो. सख्खा थोरला भाऊ. त्याचंही कुलपांचंच दुकान, माझ्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे. आम्ही बोलत नाही. तोंडाने नाही. मला माझ्या दुकानातून दिसतो ना तो — चष्मा कपाळावर, एका बोटाने फोन टोचत बसलेला, जिभेचं टोक बाहेर, पहिलीतल्या पोरासारखा. मग तो फोन खाली ठेवतो, आणि इकडे माझ्या फोनवर टिंग! मी उत्तर लिहितो, तिकडे त्याच्या कपाळाला आठ्या. इतकी वर्षं आमचं असं चाललंय. मधे एक रस्ता आहे फक्त. मांजरसुद्धा दोन उड्यांत जाईल.

का म्हणजे? गिऱ्हाइकासमोर त्याने माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हिसकावून घेतला होता. ‘सरक, तुला नाही जमायचं.’ गिऱ्हाइकासमोर! मी काय कुक्कुलं बाळ होतो? मी तिथून निघालो तो समोरचाच गाळा घेतला. अण्णांच्या — आमच्या वडिलांच्या — दुकानातलं सगळं वाटून घेतलं आम्ही. कानस त्याला, पान्हे मला, असं. शेवटी राहिलं अण्णांचं ते मोठं पितळी कुलूप, दुकानाच्या दारावर नुसतं शोभेला टांगलेलं असायचं. दोघांनाही हवं. मग काय केलं असेल? कुलूप मी घेतलं, किल्ली त्याने घेतली. हो, असली वाटणी! वेड्यांचा बाजार. आता कुलूप माझ्या भिंतीवर, किल्ली त्याच्या गल्ल्यामागे खिळ्याला. मला माझ्या दुकानातून दिसते ती.

तार घालून उघडू? मी? अहो अर्ध्या मिनिटात उघडेन! पण अण्णांच्या कुलपाला तार घालायची? माझा हात नाही उचलत. म्हणून मग, म्हणजे हॅक व्हायच्या अगदी आदल्या दिवशी, मी एक लेख टाकला — ‘किल्ली नसलेलं कुलूप कसं उघडावं?’ फोटोही टाकला, अण्णांच्या कुलपाचा. खाली लिहिलं, जाणकारांनी सुचवावं. आता यात सगळं आलं की नाही? आणि त्याच रात्री ते केस! मग लेकीने कमेंट्सच बंद केल्या. मला कळायला मार्ग नाही, त्याने काही लिहिलं होतं की नाही. लिहिलंच नसेल. कारण आता तो समोरून बघतही नाही. पाठ करून बसतो. शटर लवकर ओढतो. मला वाटतं, त्याला राग आला. म्हणाला असेल, हा आता किल्लीवर डोळा ठेवून आलाय. जाऊन विचारायचं? मी? जो आधी बोलेल तो हरला, असं आहे ते. कोणी ठरवलं नाही, पण आहे. तुम्हाला भाऊ आहे का? मग कळेल तुम्हाला. राग येतो हो त्याचा, पण त्याने खोड काढल्याशिवाय मला लेख लिहिल्यासारखंच वाटत नाही. नुसतं लिहायचं, आणि खाली काहीच नाही. ताटात वाढून कोणी जेवायलाच न आल्यासारखं.

काय, झालं सुरू? इतक्यात? हे बटण होय! आणि हे दुसरं काय? आधी माझ्याकडे येणार, मी हो म्हटलं तरच दिसणार? म्हणजे दाराला साखळी लावून फटीतून बघायचं, कोण आलंय ते. हे बरंय! हे त्या लेकीला का नाही सुचलं? दार बंद करून टाकलं सरळ.

अडकलेल्या? किती? एवढ्या? टायरवाला असेल. तेलाच्या पोस्टखाली आलेल्या, ब्लॉगच्या चाळणीत थांबलेल्या... पुसून टाका हो, सगळ्या पुसून — थांबा! थांबा, थांबा. ते काय वर गेलं? मागे घ्या. तिथे नाव काय आहे?

वाचा ना. माझा चष्मा — नाही, चष्मा आहे नाकावर, तरी तुम्ही वाचा.

‘किल्ली नसलेलं कुलूप किल्लीने उघडावं, मूर्खा. घेऊन ये.’

...घेऊन ये असंच लिहिलंय? पुन्हा वाचा तेवढं. घेऊन ये.

आणि खाली अजून आहेत? त्याच्याच? ‘येतोयस की नाही? मी किल्ली पुसून ठेवली आहे.’ ...आणि? ‘हे तेल काय विकतोस? बरा आहेस ना? माझ्यावर राग असेल तर कुलपाचा लेख ठेव, टकलं कसली लावतोस.’

अरे देवा. म्हणजे तो पाठ करून बसला होता ते... तो वाट बघत होता. मी इकडे म्हणतोय हा लिहीत नाही, आणि तो तिकडे म्हणतोय हा येत नाही. आणि मधे ते तेल!

नाही, उत्तर नको लिहू ताई. म्हणजे — नका लिहू. द्या तो फोन.

काय? दार? अहो, ते केव्हाच उघडलंय. मघाशी टक् झालं ना, तेव्हाच. नुसतं ढकला. माझी ती पिशवी — आणि तार — राहू दे, उद्या नेईन. सरका जरा, मला आधी दुकानात जाऊन कुलूप काढायचंय भिंतीवरून.