गर्दी करू नका, हे वाचायला झालेली गर्दी

—हात लावू नका त्या फलकाला, निरीक्षकसाहेब! आधी शिडीवरून खाली उतरा, मग बोलू. काय म्हणालात? इथे गर्दी होते? होणारच! सगळ्यांना अंक विकत घेणं परवडत नाही, म्हणून रोज पहिलं पान दाराशी या फलकावर चिकटवतो आम्ही. आणि काय छापलंय त्यावर? 'इन्फ्लुएंझाची साथ आहे, गर्दी करू नका.' आता ते वाचायला लोक एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून उभे राहतात, हा काय माझा दोष? — असेल थोडा. पण फलक उतरवलात, तर कुठला दवाखाना उघडा आहे हे लोकांना सांगणार कोण? तुम्ही? तुमच्या आरोग्य कचेरीने तर परवापर्यंत ही साधी सर्दी आहे म्हणून कळवलं होतं — आणि कळवायला आलेला कारकूनच शिंकत होता!

मग लोक जातील त्या समोरच्या पेपराकडे. तो काय छापतो, ठाऊक आहे? गळ्यात कांद्याची माळ घाला, साथ जवळ फिरकत नाही! कॉलेजात शास्त्र शिकलेला माणूस मी — अख्खा लेख लिहून त्या संपादकाची सालपटं काढली! — काय? वास? कसला वास? छापखाना आहे हा, शाईचा वास येतो. माझ्या कॉलरकडे काय बघताय? गळा सुजलाय माझा. एका बाजूने. — बरं, दोन्ही बाजूंनी!

आहे, आहे, कांदा आहे. झालं समाधान? बायकोने बांधलाय. म्हणाली, माळेशिवाय उंबरा ओलांडलात तर परत घरात घेणार नाही. भल्याभल्यांना घाम फोडणारा बातमीदार मी — पण तिच्यापुढे काय बोलणार?

अहो, मागे का सरकताय? पार गटारापर्यंत गेलात की! — थांबा, थांबा. हेच तर हवंय! फलक राहू द्या. रोज सकाळी मी त्याच्याशेजारी उभा राहून बातम्या मोठ्याने वाचेन, कॉलर उघडी टाकून. कोणाची हिंमत आहे जवळ यायची? सगळे लांबूनच ऐकतील. समोरचा संपादक खिडकीतून दात काढेल — काढू दे. माझी अब्रू गेली तरी चालेल, पान राहिलं पाहिजे.

मान्य ना? मग उचला शिडी. — आता काय राहिलं? काय कुजबुजताय? कांदा लाल की पांढरा? लाज नाही वाटत? सरकारी माणूस तुम्ही! ... लालच. पांढऱ्याने गुण येत नाही, समोरच्यांनी कालच्या अंकात आतल्या पानावर खुलासा केलाय. — मी वाचत नाही त्यांचा पेपर! निघा!