आप्पांचं होऽ होऽ

आमच्या आप्पांचं तुम्हाला सांगितलं नाही ना? वडगावात कुणाची म्हैस आजारी पडली की सुई टोचायला आप्पांनाच बोलावतात. ते आधी तिला थोपटतात, मग टोचतात. म्हशीला कळतही नाही.

माझ्या ताईला पीसीओडी आहे. वजन कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी तिला दर रविवारी पोटावर घ्यायचं इंजेक्शन दिलं. डोस वाढवल्यावर तिला इतकी मळमळ झाली, की त्यांनी तो पुन्हा कमी केला. पण ताईच्या मनात इंजेक्शनचीच भीती बसली. त्या रविवारी संध्याकाळी ती इंजेक्शनचं पेन हातात धरून गोठ्यासमोर नुसती बसली होती. उसाच्या तुऱ्यांवर पिवळं ऊन आलं होतं.

"मला न्हाई जमायचं. बंदच करते," ती म्हणाली.

धार काढून आप्पा आले. त्यांनी हात धुतले, पेन कसं वापरायचं ते मला वाचून दाखवायला लावलं आणि ताईजवळ बसले. तिची पाठ हलकेच थोपटत म्हणाले, "होऽ होऽ, माझी बाय, होऽ."

तो आवाज ऐकून आमच्या चांद्री म्हशीनं डोळे मिटले. ताईनंही मिटले. मलासुद्धा पेंग आली.

"आप्पा, मी काय म्हैस हाय का?" डोळे न उघडताच ताई म्हणाली. "टोचा आता."

"कवाच टोचलं की! चांद्री तरी लाथ मारती. तू गुणाची."

पुढच्या रविवारी आम्ही ताईला घरभर शोधलं. ती पेन घेऊन गोठ्यात, चांद्रीशेजारी उभी होती.