सड्यावरची दोरी

मंडळी, आज देवापुढे एक प्रश्न ठेवतो. आपण पुढे निघालोय, जोरात निघालोय, आणि मागून कुणीतरी आपल्याला ओढून धरलं, तर तो आपला वैरी की सखा? घाई नको. तरुण पोरं म्हणतील, वैरी. सासवाही म्हणतील वैरी, आणि सुनांकडे बघतील. तिकडे नको हो, इकडे बघा. गोष्ट ऐका, मग ठरवा.

खाडीपलीकडच्या गावातल्या तीन मैत्रिणी. ज्योत्स्ना पावसकर, बाजारात तिचं ब्युटी पार्लर. फरीदा मुकादम, शाळेचे गणवेश शिवणारी. आणि हेमांगी शिवलकर, पोस्टात नोकरीला. तिघी एका बाकावर शिकलेल्या. आता मुलं मोठी झाली, संध्याकाळ रिकामी पडायला लागली. ज्योत्स्नाच्या मनात आलं, सगळा जन्म दुसऱ्यांच्या भुवया कोरण्यात गेला, आपण स्वतःसाठी केलं काय? तिनं या दोघींना घराबाहेर ओढलं आणि सुरू झाल्या हौशी शर्यती. किनाऱ्यावरची दौड झाली, सायकलफेरी झाली. एकदा तर चिखलातली शर्यत! घरी आल्यावर नवऱ्यांनी ओळखलंच नाही, अंगावर बादली ओतल्यावर ओळख पटली. हसा, हसा. जिंकल्या कधीच नाहीत. येताना कांदाभजी खायच्या, म्हणजे जेवढं उतरवलं तेवढं पुन्हा चढवायच्या. पण आनंद होता.

आता हा आनंद ज्योत्स्नाला पुरेना. तिला वाटायला लागलं, एकदा तरी पहिलं यावं. पार्लरमध्ये फोटो लावावा. वाटलं तर त्यात वाईट काय? काहीच नाही. तुम्हा-आम्हालाही वाटतं. इथे पुढच्या सतरंजीवर बसायला काय कमी धक्के मारलेत?

गणपतींचं विसर्जन झालं आणि सड्यावर दौड जाहीर झाली. सडा तुम्हाला माहीत आहे. काळ्या कातळाचं उघडं पठार, झाड नाही, झुडूप नाही. पावसानंतर त्यावर बारीक जांभळी फुलं येतात. आणि एका बाजूला कडा. थेट खाली दरी. दौड होती दोरीची. तिघांचा संघ, एक लांब दोरी, तिला तीन गाठी, ज्यानं त्यानं आपली गाठ धरून धावायचं. गाठ सुटली की तो माणूस बाद. पण दोघं जरी शेवटपर्यंत पोहोचले, तरी संघ धरला जाणार. हा नियम वाचला तेव्हा फरीदा म्हणाली, "हे काही बरं नाही केलं यांनी." ज्योत्स्नानं तो नियम पुन्हा एकदा वाचला.

सकाळी ढोल वाजला, धाव सुरू झाली. पहिल्या गाठीला ज्योत्स्ना, मधे फरीदा, शेवटी हेमांगी. निघाल्या तेव्हा कोवळं ऊन होतं. अर्धा सडा ओलांडला आणि दरीतून धुकं वर आलं. येताना दिसलं नाही ते. बघता बघता पुढचे संघ त्यात गेले, मागचे गेले, वाटेवर लावलेली लाल निशाणं गेली. ज्योत्स्नाला स्वतःचे बूट दिसत होते आणि हातातली दोरी दिसत होती. दोरी दोन हातांवर धुक्यात शिरायची, तिथून मागे फरीदा आहे हे नुसतं मानायचं.

आणि ढोल थांबला. थांबला म्हणजे, ऐकू येईना. एवढी माणसं सड्यावर, पण एक पाऊल वाजत नव्हतं.

मृदंगवाले, तुम्हीही जरा हात थांबवा. हां. अशी शांतता.

त्या शांततेत पुढून आवाज आला, "इकडून या. सरळ या."

ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, वाट दाखवायला उभा केलेला कुणी माणूस असणार. ती आवाजाच्या रोखानं निघाली. तेवढ्यात दोरीला ओढ बसली. मागून हेमांगी म्हणाली, "ज्योत्स्ना, गुडघा धरलाय गं. जरा थांबू."

"आत्ता? सगळे पुढे निघून जातील."

"दोन मिनिटं बसते, मग येते."

ज्योत्स्ना गप्प राहिली. मंडळी, माणूस वाईट बोलतो ना, तेव्हा आधी असाच गप्प होतो. मग ती म्हणाली, "तू असं कर, गाठ सोड. आम्ही दोघी पुढे होतो. तू इथेच बस, कुणीतरी येईल न्यायला."

फरीदा म्हणाली, "ज्योत्स्ना, अशा धुक्यात?"

"नियमात बसतं ते."

धुक्यातून हेमांगीचा आवाज आला, अगदी शांत. "सोडली. जा."

ज्योत्स्नानं वळून पाहिलं नाही. काय दिसणार होतं म्हणा. पण वळून पाहिलं नाही, हे खरं.

निघाल्या दोघी. आता मागची गाठ मोकळी, दोरी हलकी व्हायला हवी. पण दोरी जड. आधीपेक्षा जड. ज्योत्स्ना जोर लावी आणि मागून तेवढाच जोर लागे. धसमुसळा नाही, संथ. जत्रेत आई मुलाचा हात धरते तसा. पुढून पुन्हा आवाज, "इकडून या. सरळ या." तोच सूर, तेवढ्याच अंतरावरून. एवढं चालून तो माणूस जवळ कसा येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला राग आला होता तो मागच्या ओढीचा.

"हेमांगी, तुला गाठ सोडायला सांगितलं ना? कशाला ओढतेयस?"

आणि उत्तर आलं. पण ते दोरीच्या टोकाकडून आलं नाही. फार लांबून, दुसऱ्याच बाजूनं, बारीक ऐकू आलं, "मी कधीच सोडली गं. मी दगडावर बसलेय."

ज्योत्स्ना जागच्या जागी थांबली. ती हळूच म्हणाली, "फरीदा, तुझ्या मागे कोण आहे?"

फरीदा रडवेली झाली होती. "मला विचारू नकोस. मी मागे बघत नाहीये. गाठ कुणीतरी धरलीय. मला श्वास ऐकू येतोय."

पुढचा आवाज म्हणाला, "सरळ या." आता तो गोड झाला होता. ज्योत्स्ना घाबरून त्याच्याकडेच निघाली. घाबरलेला माणूस ओळखीच्या शब्दाकडे जातो, मग तो शब्द कुणाचा का असेना. तिनं पाऊल उचललं, आणि दोरीला असा हिसका बसला की ती पाठीवर आपटली. बुटाच्या टाचेनं एक दगड सुटला. घरंगळला. आणि मग त्याचा आवाजच आला नाही. दोघी ऐकत राहिल्या. कितीतरी वेळानं, खाली, फार खाली, टक् असं वाजलं.

पुढे सडा नव्हताच, मंडळी. कडा होता.

त्यानंतर पुढून कुणी हाक मारली नाही.

ज्योत्स्ना ओणवी होऊन मागे सरकली. फरीदा तिला बिलगली. आणि त्यांच्या हातातली दोरी चालायला लागली. कुणीतरी त्यांना घेऊन निघालं होतं. उलटं. दोघी मुकाट मागून गेल्या. फरीदा तिच्या अल्लाला हाक मारत होती, ज्योत्स्नाला आपल्या एकाही देवाचं नाव आठवेना. धुक्यात काळं काही दिसलं. दगड होता, आणि दगडावर हेमांगी, गुडघ्याला ओढणी बांधून बसलेली. दोन्ही हात मांडीवर. तिच्या पायाशी येऊन दोरी एकदम सैल पडली.

"तुम्ही परत आलात?" हेमांगी म्हणाली.

फरीदानं जाऊन तिचे दोन्ही हात धरले.

धुकं निवळल्यावर शिट्ट्या वाजवत माणसं आली. ज्योत्स्नानं विचारलं, "कड्याच्या बाजूला तुम्ही कुणाला उभं केलं होतं?" ते म्हणाले, "तिकडे कोण उभं राहील, बाई? तिकडे वाटच नाही." लोक म्हणाले, दोरी खडकात अडकली असेल. असेलही. पण तो खडक चालत हेमांगीपर्यंत कसा आला, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

काही दिवसांनी ज्योत्स्ना हेमांगीकडे गेली. हेमांगीनं चहा केला, समोर ठेवला. ज्योत्स्ना म्हणाली, "माझं चुकलं. तुझा गुडघा दुखत होता, आणि मी..."

"गुडघा बरा होईल," हेमांगी म्हणाली. "मी 'जा' म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं, तू जाणार नाहीस."

चहा गार झाला. दोघी रडल्या की नाही, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आपणही विचारू नये. पण तिघी पुन्हा धावायला लागल्या. हेमांगीच्या चालीनं, म्हणजे धावणं कसलं, ते फिरणंच. आता शेवटची गाठ ज्योत्स्ना धरते. तिच्यामागे दोरीचं उरलेलं टोक जमिनीवरून खरखरत येतं. कधी कधी ती खरखर थांबते. टोक कुणी उचलून घ्यावं तशी. ज्योत्स्ना मागे बघत नाही. ती फक्त पाऊल हळू करते.

आता तुमच्याकडे येतो. मागून दोरी धरणारा तो कोण होता? देव होता असं मी इथून ठोकून सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि निवांत घरी जाल. म्हणून सांगत नाही. पुढून गोड हाक मारणारं कोण होतं, त्याचं तर नावही या गाभाऱ्यासमोर घेणार नाही. एवढंच विचारतो. तुमच्या दोरीवर कुणाची गाठ होती? कोण दमलं, कोण म्हणालं जरा थांब, आणि कुणाला तुम्ही म्हणालात, तू बस, आम्ही पुढे होतो? आई असेल. भाऊ असेल. एका बाकावरचा दोस्त असेल. तो अजून त्या दगडावर बसलाय. तुम्ही नियमात राहून पुढे आलात, सगळं ठीक चाललंय, आणि समोरून कुणीतरी सारखं म्हणतंय, सरळ या, सरळ या.

जरा थांबून बघा, दोरी जड लागते का. लागत असेल तर हिसडू नका. ज्यानं ती धरलीय, त्याचं नाव आता सगळे मिळून घेऊ. टाळ उचला. सावकाश घ्या, मागे बसलेल्यांना आपल्याबरोबर येऊ द्या.