म्हशीनं खाल्लेला गारवा

चहा उकळेपर्यंत आमच्या कुटाराची गंमत ऐका. आमचं घर टिनाचं, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई दिवसभर खाटेवर. उन्हाळ्यात त्यांच्या जिवाची मला फार धास्ती. म्हणून आम्ही टिनाखालच्या माळ्यावर तुरीच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती दाटून बसवली. दोन्ही खोल्या इतक्या गार झाल्या, की भरदुपारीही कूलर बंद ठेवता यायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी खोली पुन्हा भट्टीसारखी तापायला लागली. शिडी लावून पाहिलं, तर माझ्या खोलीवर एकही पोतं नाही!

"अहो, कुटार कुठं गेलं?"

"म्हशीनं खाल्लं," हे खाली पाहत म्हणाले. "वैरण सरली, तं रोज एक पोतं काढलं."

"अन् आईच्या खोलीवरचं?"

"मायच्या डोक्यावरचं म्हशीले घालीन काय मी?"

"म्हणजे माह्या डोक्यावरचं चाललं?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "भांडू नको वं पोरी. उशी घे अन् माह्याजवळ ये. खाट मोठी हाय."

यंदा माळा पुन्हा भरला आहे. पण उशी काही मी परत आणली नाही.