दोन युआनची बोट

शांघायच्या धक्क्यावर पैलतीरी जाणाऱ्या बोटीच्या रांगेत मेइलान उभी होती. मागे कुणी नवरा-बायको बोलत होते.

"उंच मनोऱ्यावर नेतो म्हणाला होतात."

"वर गेलं की मनोराच दिसत नाही गं. बोटीतून अख्खा दिसतो, तोही दोन युआनात."

"चिंगूस ते चिंगूसच!"

"वाफेवरचे पाव आणलेस ना? मग मेजवानीच की."

"चार आणलेत. मालकीणबाईंनी सहापर्यंतच सोडलंय. त्यांचं बाळ माझ्याशिवाय झोपत नाही."

"आपली यानयान झोपायची का, तू तिला गावी ठेवून आलीस तेव्हा?"

"आई सांगायच्या, महिनाभर रडली. मग लागली झोपायला."

"काल फोनवर विचारत होती, शांघाय कसं आहे."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुझी आई रोज नदीकाठी फिरायला जाते."

"अहो, तीन वर्षांत आज पहिल्यांदा नदी बघतेय मी!"

"म्हणूनच म्हणतो, नीट बघून घे. आज फोन आला की तूच सांग तिला."

बोट लागली. मेइलानने कठड्याजवळची जागा त्या दोघांना दिली आणि ती मागे उभी राहिली. दहा मिनिटांत पलीकडचा धक्का आला. सगळे उतरले. तो मात्र बायकोचा हात धरून सरळ परतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"अहो, लगेच परत?"

"येताना सगळा वेळ डोळेच पुसत होतीस. कुठं काय पाहिलंस?"