सोडून दिलेला एक आकडा

दातांच्या दवाखान्यात मावशी सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. तोंड बंद होतं, पण कान उघडे होते. शेजारीच एक बहीणभाऊ बोलत होते.

“ताई, ऑफिसातल्या त्या नव्या पोरीनं माझा कॉम्प्युटरचा कोड साफ केला.”

“बरंच झालं की.”

“बरं? ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार तळाशी मी लिहिलेले आकडे होते. मेमरीच्या कुठल्या भागाला कोणी हात लावायचा, ते प्रोसेसरला त्यावरून कळतं. तिनं आकडे काढून चक्क नावं लिहिली. ‘फक्त वाचण्यासाठी’, ‘फक्त कर्नेलसाठी’, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी!”

“त्यानं काही बिघडलं?”

“बिघडलं असतं तर काय हवं होतं! चाचणीत मशीन पूर्वीसारखंच चाललं. साहेब तिच्यावर खूश.”

“मग तुझ्या का पोटात दुखतंय?”

“अगं, अर्थ विचारायला सगळे माझ्या टेबलाशी यायचे. आता शेंबडं पोरही वाचेल. पण तिच्या बदलांची मंजुरी माझ्या हातात आहे. अडवून ठेवलीय.”

“कारण काय सांगितलंस?”

“एक आकडा तिनं तसाच सोडलाय. म्हणते, ‘सर, हा तुमच्याशिवाय कोणाला कळणार? याला नाव तुम्हीच द्या.’”

“बघ, किती मान देते! देऊन टाक की.”

भाऊ हातातली चिठ्ठी उलटसुलट करू लागला. मावशींनी मान वळवली.

“अरे, बोल ना.”

“तो कशासाठी लिहिला होता, मलाच आठवत नाही.”

“मग तसं सांग तिला.”

“सांगितलं ना. म्हटलं, स्वतः शोध, म्हणजे शिकशील.”

“आणि तिला सापडला तर?”

भावाच्या खिशात फोन वाजला. आतून मावशींचा नंबर पुकारला, पण त्या काही जागच्या हलल्या नाहीत.